सिटी, व्हर्ना, स्लाव्हिया की व्हर्टस: ठोकलेल्या गाड्या बघणाऱ्याच्या नजरेतून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की राहायला कासारवडवलीला, नोकरी द्रोणागिरीला कंटेनर यार्डात, रात्री परतायला उशीर होतो, घरात तुम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि आई-बाबा, आणि गणपती-शिमग्याला चिपळूण. होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या चारांत सगळ्यात सेफ कुठली, आणि बाबा म्हणतायत जाड पत्र्याची घे. मी मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेयर आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यात ठोकलेल्या गाड्या बघणं हेच माझं काम, त्यामुळे शोरूममध्ये गाडी कशी दिसते यापेक्षा ठोकल्यावर कशी दिसते हे मला जास्त कळतं, आणि उत्तरही त्याच बाजूने देणार.

आधी बाबांचा पत्रा. बोनेट अंगठ्याने दाबून बघायचं, दरवाजा आपटून आवाज ऐकायचा, हे आपल्याकडे सगळेच करतात, सेल्समनही मुद्दाम करून दाखवतो. पण बोनेट, फेंडर, दरवाजाची बाहेरची स्किन या गोष्टींचा माणूस वाचवण्याशी फारसा संबंध नाही हो. माणूस वाचवतो तो आतला सांगाडा, म्हणजे पुढचे दोन साइड मेंबर (बोनेटखालचे लांब बीम), ए पिलर (पुढच्या काचेच्या कडेचा खांब), बी पिलर (पुढच्या आणि मागच्या दरवाजामधला खांब), खालची सिल (दरवाजाखालची पट्टी), छताची रेल, दरवाजातले बीम. आता बी पिलरला वगैरे जे गरम करून प्रेस केलेलं स्टील वापरतात त्याची ताकद दीड हजार मेगापास्कलच्या आसपास असते, साध्या बॉडीच्या पत्र्याची त्याच्या पाव-पंचमांश पण नसते, आणि हे स्टील बाहेरून दिसतही नाही आणि अंगठ्याने कळतही नाही. नारळाचं उदाहरण घ्या, बाहेरचं सोडण दबलं तरी चालतं, किंबहुना ते दबावंच, करवंटी फुटता कामा नये. गाडीचं तोंड सोडण आहे आणि तुम्ही बसता ती जागा करवंटी. म्हणून अपघाताचा फोटो बघून लोक जे म्हणतात ना, "बघा पुढून कशी चेपली, काय भंगार गाडी," त्यातल्या बऱ्याच गाड्यांनी आपलं काम चोख केलेलं असतं.

मी गाडी बघायला गेलो की बंपर नंतर बघतो. आधी चारही दरवाजे हाताने उघडतात का बघतो. उघडले म्हणजे सांगाडा बऱ्यापैकी टिकला. मग ए पिलर आणि दरवाजा यांच्यातली फट वर आणि खाली सारखी आहे का, छताला सुरकुती पडलीये का, पायाजवळचा फ्लोअर वर आलाय का, ब्रेक पेडल मागे सरकलंय का. फ्लोअर वर येणं वाईट, कारण घोटे आणि नडग्या तिथे सापडतात, माणूस जगतो पण वर्षभर काठी घेऊन फिरतो.

हे लक्षात ठेवून आता रिझल्ट बघा. स्लाव्हिया आणि व्हर्टस या एकाच प्लॅटफॉर्मवरच्या गाड्या, ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आपटवून सेफ्टीचे स्टार देणाऱ्या संस्थेने, एप्रिल २०२३ मध्ये रिझल्ट दिला, मोठ्यांसाठी ५ स्टार, ३४ पैकी २९.७१, मुलांसाठीही ५ स्टार, ४९ पैकी ४२, आणि मुख्य म्हणजे बॉडीशेल स्टेबल, म्हणजे आतल्या सांगाड्यात अजून मार सोसायची ताकद शिल्लक. व्हर्नाचा रिझल्ट ऑक्टोबर २०२३ चा, तिलाही मोठ्यांसाठी ५ आणि मुलांसाठी ५, मार्क २८.१८ आणि ४२. कागदावर दीड मार्काचा फरक, म्हणून लोक म्हणतात सगळ्या सारख्याच. पण रिपोर्ट पुढे वाचला तर व्हर्नाचं बॉडीशेल अनस्टेबल लिहिलंय, फुटवेल म्हणजे पायाजवळची जागासुद्धा अनस्टेबल. म्हणजे त्या टेस्टमध्ये आतल्या डमीला एअरबॅग-बेल्टने नीट सांभाळलं, स्टार खोटे नाहीत, पण यापेक्षा जास्त मार बसला तर सांगाड्यात शिल्लक किती, तर फार नाही. माझ्यासारख्याला हा फरक दीड मार्कापेक्षा खूप मोठा वाटतो.

का मोठा, तर ती समोरची टेस्ट ६४ च्या स्पीडला होते, गाडीच्या तोंडाचा साधारण ४० टक्के भाग दबणाऱ्या ब्लॉकवर आपटवतात. तुम्ही एक्सप्रेसवेवर १०० ने जाता तेव्हा धक्क्याची ऊर्जा स्पीडच्या वर्गाच्या पटीत वाढते, ६४ वरून १०० म्हणजे जवळजवळ अडीच पट. स्पीड दीडपट, मार अडीच पट. तिथे सांगाड्यातलं शिल्लक कामाला येतं.

होंडा सिटीचं जरा वेगळं आहे. आत्ताची पाचव्या पिढीची सिटी ५ स्टार म्हणून सांगतात ती टेस्ट आसियान एनकॅपची, म्हणजे आग्नेय आशियातल्या संस्थेची, २०२० ची, त्या भागात विकल्या जाणाऱ्या गाडीची, आपल्याकडच्या नाही. त्याच्या आधीच्या चौथ्या पिढीच्या सिटीला ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये जुन्या नियमांनी ४ स्टार दिले होते, ते आकडे काही लोक आत्ताच्या गाडीला चिकटवतात, तेही चूकच. आणि हो, आता भारत एनकॅप पण आहे, ऑक्टोबर २०२३ पासून, पण त्यात मोठ्यांचे मार्क ३२ पैकी आणि ग्लोबलमध्ये ३४ पैकी, त्यामुळे मार्काला मार्क लावून तुलना करायला जाऊ नका.

एअरबॅगच्या संख्येवर फार वेळ घालवू नका. सहा एअरबॅग आता या सगळ्यांत मिळतात, कोटेशनवर तेवढं लिहून घ्या आणि ईएससी पण लिहून घ्या. ईएससी म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडी फिरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून सरळ करते ती सिस्टीम. पावसाळ्यात घोडबंदरला गायमुखच्या वळणांवर डिझेल सांडलेलं असतं, तिथे सहाव्या एअरबॅगआधी हीच लागेल. स्लाव्हिया-व्हर्टसमध्ये अजून एक चांगली गोष्ट आहे, मल्टी कोलिजन ब्रेक, पहिली धडक झाल्यावर गाडी स्वतः ब्रेक लावते म्हणजे तशीच घरंगळत दुसऱ्या लेनमध्ये जाऊन दुसरी धडक खात नाही. ब्रोशरमध्ये कोपऱ्यात एक ओळ असते याची, पण कामाची आहे.

आता जे सगळे ऐकून सोडून देतात ते. बेल्ट. एअरबॅग ही बेल्टची मदतनीस आहे, बेल्टच्या जागी नाही. ती ३०-४० मिलिसेकंदात फुगते, बेल्ट नसलेला माणूस तोवर पुढे गेलेला असतो आणि फुगणाऱ्या बॅगवर तोंड आपटतो. क्लेममध्ये सगळे सांगतात "साहेब, बेल्ट लावला होता." तो लावला होता की नाही ते पट्टा बघून कळतं, जोरात धडक झाली की पट्ट्यावर बकलपाशी आणि वरच्या कडीपाशी घासल्याच्या खुणा येतात, आणि लावलाच नसेल तर प्रिटेन्शनर (धडकेत पट्टा खेचून घट्ट करणारा भाग) उडून पट्टा पिलरला चिकटून तिथेच जाम झालेला असतो, ओढला तरी येत नाही. सीटच्या मागून पट्टा घेऊन नुसती क्लिप अडकवणारे पण भेटतात, आवाज बंद व्हावा म्हणून. तो आवाज बंद करणाऱ्या नुसत्या क्लिपा ऑनलाइन मिळायच्या, २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या शॉपिंग साइटवरून काढायला लावल्या, तरी रस्त्याकडेच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात कोणीतरी काढून देतोच.

मागच्या सीटवर आई-बाबा बसणार, त्यांना हे तुम्हालाच सांगावं लागणार, आणि आई म्हणणार साडीवर पट्टा नको. सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, गाडी महागडी आणि नावाजलेली, पुढचे दोघं जखमी होऊन वाचले, मागचे दोघं गेले, मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते. मागचा मोकळा माणूस पुढच्या सीटवर जाऊन आदळतो, म्हणजे तो स्वतः तर जातोच, पुढच्या बेल्टवाल्यालाही चेपतो. पोटाचा पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर बसवा, आईंना तो तसा टोचत पण नाही.

मुलीचं बघा. सहा वर्षांची म्हणजे आयसोफिक्सची (गाडीतल्या हुकांना अडकवायची) लहान बाळांची सीट तिला बहुतेक पुरायची नाही, तिला पाठ असलेला बूस्टर लागेल, म्हणजे ती उंचावर बसते आणि गाडीचा तीन पॉइंटचा बेल्ट गळ्याऐवजी खांद्यावरून येतो. मागच्या कडेच्या सीटवर, मांडीवर नाही आणि पुढे तर नाहीच. कायद्यातही १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे, पण दंडासाठी नका करू. सनरूफमधून बाहेर काढून उभं करणं हा प्रकार पाम बीच रोडवर रविवारी बघितला की माझं बीपी वाढतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता तुमचा खरा रस्ता. उरण, जेएनपीटी, द्रोणागिरी, रात्रीची वेळ. तिथे धोका समोरून येणाऱ्या कारचा कमी आणि कडेला उभ्या ट्रेलरचा जास्त. टेललाइट नाही, रिफ्लेक्टर धुळीने माखलेला, मागचा अंडररन गार्ड (गाडी खाली घुसू नये म्हणून लावलेला आडवा बार) वाकलेला नाहीतर काढून टाकलेला. आणि सेडान खाली बसलेली. अशा ट्रेलरखाली सेडान घुसली की बोनेट त्याच्या खालून जातं, चेपायला बनवलेले साइड मेंबर कशालाच लागत नाहीत, आणि ट्रेलरची मागची कड थेट काचेवर आणि ए पिलरवर येते. एअरबॅगचा सेन्सर तर धक्का पुढे बसेल असं धरून बसवलेला असतो, तो पण उशिरा जागा होतो. यात ५ स्टार, स्टेबल शेल, काहीच फारसं कामाला येत नाही, एनकॅपच्या टेस्टमध्ये असली धडक नसतेच. तिथे वाचवतं ते स्पीड आणि उजेड. १०० च्या स्पीडला नुसता एक सेकंद लक्ष हललं तर गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते, एका लांब ट्रेलरची लांबी साधारण त्याच्या अर्धी-पाऊण धरा. म्हणून त्या रस्त्याला ६० नी चला, लोक मागून हॉर्न मारतील, मारू देत.

मग तुम्ही म्हणाल ॲडास, म्हणजे कॅमेरा-रडारने पुढचं बघून ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टीम घेतो, आपोआप ब्रेक लागेल. इथे सिटी आणि व्हर्ना पुढे आहेत हे खरंय. मार्च २०२३ च्या फेसलिफ्टपासून साध्या पेट्रोल सिटीत होंडा सेन्सिंग, म्हणजे होंडाचं ॲडास, आलं आणि ते तेव्हा एकदम बेस मॉडेल सोडून बाकी व्हेरिएंटमध्ये दिलं, हे मला आवडलं, कारण व्हर्नात ते वरच्या व्हेरिएंटसाठीच ठेवलं होतं. सिटीचं काम काचेमागच्या कॅमेऱ्यावर चालतं, व्हर्नात कॅमेरा आणि रडार दोन्ही, शिवाय मागच्या कोपऱ्यांतही रडार, म्हणजे बाजूने येणारी बाइक पण कळते. सिटीच्या वरच्या मॉडेलला डाव्या आरशाखाली कॅमेरा आहे, इंडिकेटर दिला की स्क्रीनवर डावी बाजू दिसते, आपल्याकडे डावीकडून घुसणाऱ्या बाइकांसाठी मस्त. स्लाव्हिया-व्हर्टस या बाबतीत इतके दिवस कोऱ्या पाटीच्याच होत्या, नवीन फेसलिफ्टमध्ये काय मिळतंय ते कोटेशनवर बघून घ्या.

पण ऑटो ब्रेक म्हणजे ट्रेलरसमोर हमखास थांबणार असं धरू नका. अंधारात दिवा नसलेला उभा ट्रेलर कॅमेऱ्याला तुमच्या हेडलाइटच्याच उजेडात दिसणार, आणि जास्त स्पीडला उभ्या वस्तू ओळखणं या सिस्टीमना अवघडच जातं. तो स्पीड थोडा कमी करेल, धडक हलकी करेल, एवढी अपेक्षा ठेवा. घोडबंदरला मेट्रोच्या बॅरिकेडमधून रिक्षा-बाइक तोंडासमोर घुसतात तेव्हा तो इतका ओरडतो की लोक सरळ बंद करून टाकतात, मग तो असून नसून सारखाच. लेन असिस्टला तर आधी रस्त्यावर पट्टे लागतात.

ॲडास घेतलीत तर दोन गोष्टी तुम्हाला सर्व्हेयरच सांगेल, शोरूमवाला नाही सांगणार. पुढची काच फुटली आणि बाहेरून स्वस्तात बदलली, तर कॅमेरा परत कॅलिब्रेट करावा, म्हणजे त्याची नजर पुन्हा जुळवावी लागते, नाही केला तर तो थोडा वाकडा बघतो आणि तुम्हाला कळतही नाही. दुसरं, रडार बंपरच्या मागे असतं, बंपर घासला की आपले डेंटिंग-पेंटिंगवाले जाड पुटी भरून रंग मारून देतात, दिसायला एक नंबर, पण पुटीच्या त्या थरातून रडारला नीट दिसत नाही. क्लेमच्या एस्टिमेटमध्ये कॅलिब्रेशनची ओळ आहे का ते बघा आणि नसेल तर वर्कशॉपला विचारा.

आता बनावटीकडे, म्हणजे दिसण्याकडे नाही, वापराकडे. व्हर्ना चारांत सगळ्यात मोठ्या व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), २६७० मिमी, सिटीची २६००, स्लाव्हिया-व्हर्टसची २६५१. पण व्हर्नाचं छत मागे उतरतं, त्यामुळे पाय ऐसपैस आणि डोकं टेकायला लागतं, बाबा उंच असतील तर हा सेफ्टीचाच विषय आहे, कारण हेडरेस्ट डोक्याच्या मागे यायला हवा, मानेच्या मागे नाही. मागून कोणी ठोकलं की मान तिथेच झटका खाते, आणि ठाण्यात मागून ठोकण्याच्या केसेस रोजच्याच. शिवाय व्हर्नातून मागची काच अरुंद दिसते. सिटीतून बाहेरचं सगळ्यात छान दिसतं आणि मागची सीट म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात सोयीची, पण ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी, पाच माणसं आणि डिकीत गावचे तांदूळ भरून गोवा हायवेच्या खराब तुकड्यात आणि आपल्या सोसायट्यांच्या स्पीड ब्रेकरवर खालून घासते. स्लाव्हिया-व्हर्टस १७९ मिमीच्या, तिथे निवांत, पण मागे मधल्या माणसाच्या पायात मोठा उंचवटा येतो, तुमच्याकडे आई-बाबा आणि बूस्टर असे तिघं मागे बसणार, तर हे बघायलाच हवं.

टायर सांगायचं राहिलं. सिटीला वरच्या मॉडेलला १८५ रुंदीचे, बाकीच्या तिघींना वरच्या व्हेरिएंटमध्ये २०५. पावसात ब्रेक मारताना हा फरक पायाला कळतो. काहींच्या बेस मॉडेलला अरुंद टायर येतात, ते टच स्क्रीनसारखं कोणी विचारत नाही. आणि टायर सहा वर्षांचा झाला की नक्षी शिल्लक असली तरी बदला, उन्हाळ्यात एक्सप्रेसवेला फुटतो तो बहुतेक असा जुना नाहीतर हवा कमी असलेला.

गाडी आल्यावर काय करायचं नाही ते पण लगेच सांगतो, कारण सेफ गाडी घेऊन ती महिन्याभरात बिघडवणारे खूप. पुढे लोखंडी गार्ड नको, त्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातलीये, तो चेपणारा भाग चेपू देत नाही आणि एअरबॅगचा हिशेबही बिघडवतो. सीटला बाहेरून घट्ट शिवलेलं कव्हर नको, साइड एअरबॅग सीटच्या कडेतून फाडून बाहेर येते, तिला वाट लागते. आणि गणपती बाप्पा डॅशबोर्डवर असू देत, पण डाव्या बाजूला एअरबॅगच्या झाकणावर डबल टेपने नाही, मधोमध खाली बसवा, नाहीतर धडकेत ती मूर्ती बाजूला बसलेल्याच्या तोंडावर जाते. वहिनी चालवणार असतील आणि उंची कमी असेल तर सीट फार पुढे घेऊ नका, छाती आणि स्टिअरिंगमध्ये वीतभरापेक्षा जास्त, साधारण २५ सेंटिमीटर अंतर पाहिजे, त्यापेक्षा सीट वर करा.

तर तुमच्या जागी मी काय घेईन. स्लाव्हिया किंवा व्हर्टस, १ लिटर इंजिन, मधलं व्हेरिएंट, दोघींत जिची सर्व्हिस तुमच्या घराजवळ असेल ती. टॉप मॉडेलचे वाचलेले पैसे बूस्टर, चांगले टायर आणि झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणाऱ्या) पॉलिसीत घाला. फक्त आई-बाबांना ती मागची सीट जमली नाही तर सिटी, सेन्सिंगवालं व्हेरिएंट, आणि तिचं सामान जरा बेताने भरा. व्हर्ना चालवायला मजा येते, टर्बो तर येतेच येते, १६० पीएस आहे, पण तुम्ही मला सेफ कुठली विचारलंय आणि त्या रिपोर्टमधली शेलची ओळ मला ओलांडता येत नाही.

पॉलिसीत झिरो डेपबरोबर पहिली तीन वर्षं रिटर्न टू इन्व्हॉइस (टोटल लॉसला बिलाची किंमत देणारं कव्हर) पण घ्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, आणि सहा एअरबॅग, प्रिटेन्शनर, डॅशबोर्ड असं सगळं एका धडकेत उडालं की एस्टिमेट तिथवर पटकन जातं. तेव्हा हे कव्हर नसेल तर आयडीव्हीच मिळतो, ऑन रोड किंमत नाही, हे लोकांना माझ्या तोंडून ऐकायला मिळतं आणि मग ते माझ्यावरच चिडतात.

टेस्ट ड्राइव्हला आई-बाबा आणि मुलगी, तिघांनाही एकदम मागे बसवा, बेल्ट लावून, आणि घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरून न्या. शनिवारी-रविवारी जाऊ नका, शोरूमवाला पाच मिनिटांत उतरवतो.